फ्लॅट चौघांचा, नेट कुणाच्या नावावर?

पोस्टिंग नवं, शहर नवं, रूम पार्टनर्सही नवेच. भाडं ठरलं, डबा लागला, कूलर आला... आता राहिला सगळ्यात वादाचा विषय. घरात नेट कुठलं घ्यायचं?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ऐकवल्याशिवाय ऑफिसात कुणी तुम्हाला परभणीच्या पोस्टिंगबद्दल अभिनंदन करत नाही. आणि इथे येऊन पोचलात की परभणीकर लगेच त्यांची म्हण ऐकवतात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी!' दोन्हींच्या मधे कुठेतरी तुमचा टू बीएचके असतो.

समजा, हा टू बीएचके वसमत रोडला आहे आणि त्यात चौघं राहतात. एक बँकेत पीओ, एक कृषी विद्यापीठात रिसर्च फेलो, एक औषध कंपनीचा एमआर आणि चौथा पुण्यातल्या आयटी कंपनीचं काम इथे बसून करणारा. गॅस, पाणी, कामवाल्या मावशी, सगळं एका संध्याकाळी ठरतं. नेटचा विषय मात्र आठवडाभर चालतो. आयटीवाला म्हणतो, 'शंभर एमबीपीएसच्या खाली मी बोलणारच नाही.' एमआर म्हणतो, 'मी आठवड्यातून चार दिवस गंगाखेड, जिंतूर, सेलू फिरतीवर. मी कशाला सारखे पैसे देऊ?' रिसर्च फेलोचं म्हणणं, 'हॉटस्पॉटवर भागवू ना यार!' आणि पीओसाहेब बँकवाले असल्यामुळे थेट मुद्द्याला हात घालतात, 'बिल कुणाच्या नावावर?'

गंमत म्हणजे चौघांपैकी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पीओनेच विचारलेला असतो. स्पीडवर भांडण्यात आपण आठवडा घालवतो. पण शेअर्ड फ्लॅटमध्ये नेटचा लोच्या होतो तो स्पीडमुळे फार क्वचित. तो होतो वायर तुटल्यावर कुणी येत नाही म्हणून, वीज गेली म्हणून, मधेच कुणाची बदली झाली म्हणून. आणि कधी कधी ज्याच्या नावावर कनेक्शन आहे, त्याच्या दारात भलताच माणूस उभा राहतो म्हणून.

थोडा फ्लॅशबॅक

तक्रार करण्याआधी जरा मागे वळून बघा. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलच्या डायल-अपवर. मोडेमची ती किर्रर्र शिट्टी वाजली की घरातला फोन एंगेज! २००४च्या सरकारी धोरणानुसार २५६ केबीपीएसचा वेग म्हणजे 'ब्रॉडबँड' होता. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं 'डेटावन' आलं आणि फोनच्या तांब्याच्या तारेतूनच नेट घरात शिरलं. त्या काळातले 'रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड'वाले प्लॅन्स आठवा. डाउनलोडला लावण्यासाठी गजर लावून उठणारी एक अख्खी पिढी होती. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, मोबाइल डेटा धडाधड स्वस्त झाला. २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्याच दोन एमबीपीएस झाली.

म्हणजे तेव्हा प्रश्न होता 'मिळेल का?' आता प्रश्न आहे 'कुठलं घेऊ?' आणि निवड करायची वेळ आली की आपण डोळे झाकून मोठा आकडा निवडतो.

आकड्यांचा फंडा

चला, कागद-पेन घ्या. आयटीवाल्याची व्हिडिओ मीटिंग, साधारण ४ एमबीपीएस. त्याच वेळी पीओचं ऑनलाइन ट्रेनिंग, आणखी ४. हॉलमध्ये फुल एचडीत मॅच चालू आहे, ५. उरलेल्यांचे रील्स, अपडेट्स, व्हॉट्सअॅपचे फोटो मिळून आणखी ५ धरा. बेरीज झाली १८. टीव्ही फोर-के असेल तर मॅचच्या ५च्या जागी १५ धरा, बेरीज २८ होईल. म्हणजे चौघांना ४० एमबीपीएस आरामात पुरतात.

आता पैसे. महिन्याला ४९९ रुपयांचा प्लॅन घेतलात तर वर १८ टक्के जीएसटी. बिल ५८९ रुपये, डोईजड नाहीच, डोई १४७ रुपये फक्त! ७९९चा घेतलात तर बिल होतं ९४३. फरक महिन्याला ३५४, वर्षाला सव्वाचार हजारांच्या आसपास. याच पैशात राउटरचा छोटा यूपीएस आणि आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर येऊन वर पार्टीही होईल. कुठल्या खर्चाने तुमची मीटिंग वाचणार आहे, ते पुढे वाचा आणि मग ठरवा.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. ४० 'एमबीपीएस' म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे. तो मेगाबिट्सचा हिशेब असतो, त्याला आठने भागायचं. म्हणजे सेकंदाला ५ एमबी. एक जीबीची फाइल उतरायला साडेतीन मिनिटं लागली तर कंपनी फसवत नाहीये, गणित बरोबर आहे!

वायरचं की हवेतलं?

हल्ली दोन प्रकार समोर येतात. एक फायबर, म्हणजे काचेची बारीक तार थेट घरात. दुसरा बिनवायरचा. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक डबा बसतो, तो टॉवरकडून सिग्नल घेतो आणि आत राउटर. २०२३मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही हा 'एअरफायबर' बाजारात आणला. जिओने तर गणेश चतुर्थीचा मुहूर्त साधला होता.

बॅचलर मंडळींना दुसरा प्रकार पहिल्या नजरेत आवडतो. ड्रिलिंग कमी, घरमालकाची कटकट कमी. पण छोट्या अक्षरात लिहिलेलं वाचा. बहुतेक फायबर प्लॅन्समध्ये 'अनलिमिटेड'ची हद्द महिन्याला ३३०० जीबी असते. म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, या हिशेबाने रोजचे ३६ तास व्हिडिओ. दिवसाचे तासच चोवीस, तेव्हा टेन्शन नाही. हवेतल्या सेवांमध्ये मात्र ही हद्द साधारण १००० जीबीची असते. दिवसाला ३३ जीबी, म्हणजे ११ तास एचडी. एकट्यादुकट्याला भरपूर. पण चौघांनी रोज तीन-तीन तास काही ना काही पाहिलं की झाले बारा तास! महिन्याच्या शेवटी नेट गोगलगाय होतं आणि सगळे कस्टमर केअरवर चिडतात.

शिवाय घरून काम करणाऱ्याने 'अपलोड किती?' हा प्रश्न विचारायलाच हवा. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडवरून. फायबरमध्ये बहुतेक वेळा अपलोड-डाउनलोड सारखंच मिळतं, हवेतल्या सेवेत अपलोड कमी असू शकतं. थोडक्यात, फायबर दारापर्यंत येत असेल तर फायबर घ्या. येत नसेल, तर हवेतलं नेट हा दुय्यम असला तरी उत्तम पर्याय आहे.

आणि हॉटस्पॉट? रिसर्च फेलोसाहेब, रोजच्या दीड-दोन जीबीत चौघांचा संसार होत नाही. पण बॅकअप म्हणून हॉटस्पॉटसारखं दुसरं काही नाही. फक्त एक करा. घरातलं फायबर ज्या कंपनीचं, तिच्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम किमान एकाकडे हवं. नाहीतर त्या कंपनीचं नेटवर्क बसलं की वायफाय आणि मोबाइल दोन्ही एकदम गपगार!

अॅपला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा

कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की हिरवी खूण येते, 'सेवा उपलब्ध'. पण पिनकोड अख्ख्या परिसराचा असतो आणि फायबर असतं गल्लीचं. वसमत रोडला आहे म्हणजे कारेगाव रोडला असेलच असं नाही, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे म्हणजे तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेलच असंही नाही.

म्हणून पहिलं काम, जिन्यात जाऊन बघा. कुठल्या कंपनीचे डबे लागलेत? मग शेजारच्या काकांच्या दाराची बेल वाजवा आणि तीनच प्रश्न विचारा. काका, तुमच्याकडे कुणाचं नेट आहे? मागच्या महिन्यात किती वेळा गेलं? गेलं तेव्हा दुरुस्तीला माणूस किती तासांनी आला? या तीन उत्तरांत तुम्हाला जेवढं कळेल तेवढं कुठल्याही जाहिरातीत कळणार नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. फायबर खांबावरून खांबावर लोंबत येतं. रस्त्याचं काम निघालं, जेसीबी आला, कापसाने उंच भरलेला एखादा टेम्पो गल्लीत शिरला की तार तुटू शकते. ती तुटणारच, हे गृहीत धरा. मग शिडी घेऊन येणारा माणूस कोण? बीएसएनएलच्या 'भारत फायबर'चंच उदाहरण घ्या. बिल बीएसएनएलचं असतं, पण वायर ओढणारा आणि जोडणारा बहुतेक ठिकाणी स्थानिक पार्टनर असतो, कित्येकदा तर तुमच्या ओळखीचा केबलवालाच. तो चपळ असेल तर सरकारी कनेक्शनही झकास चालतं आणि तो फोन उचलत नसेल तर नावाजलेल्या कंपनीचा लोगोही कामाला येत नाही. कनेक्शन घेण्याआधी त्याचा नंबर मागा. एकदा रविवारी सकाळी फोन लावून बघा. उचलला? मग हाच तुमचा माणूस!

लाइट गेली, आता?

मराठवाड्यात नेटचा विषय विजेशिवाय पूर्ण होत नाही. उन्हाळ्यात पारा ४२-४३च्या घरात, सगळे कूलर एकदम चालू, आणि नेमकी तुमची क्लायंट मीटिंग सुरू असताना लाइट जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते.

इलाज सोपा आहे. बहुतेक राउटर आणि फायबरचा डबा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी वहीएवढा छोटा यूपीएस हजार-दीड हजारांत मिळतो आणि दोन-तीन तास सहज काढतो. चौघांत वाटला तर प्रत्येकी पावणेचारशेच्या आत. विकत घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे दुकानदाराला दाखवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पुरेल असाच घ्या. नाहीतर राउटर चालू आणि मागचा डबा बंद, म्हणजे वायफायच्या पूर्ण कांड्या दिसतात पण नेट शून्य!

मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग आले, कडकडाट सुरू झाला की अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण प्लगमधून येणारा झटका डबा जाळू शकतो. आणि डबा बहुतेकदा कंपनीचा असतो, भरपाई तुमची.

कूलरमागे लपलेलं वायफाय

शंभरचा प्लॅन घेऊनही आतल्या खोलीत रेंज नाही, ही तक्रार फ्लॅटोफ्लॅटी ऐकू येते. दोष प्लॅनचा नसतो, जागेचा असतो. इन्स्टॉलेशनला आलेला मुलगा जिथे वायर संपेल तिथे डबा ठोकून निघून जातो. दाराच्या मागे, गोदरेजच्या कपाटाशेजारी नाहीतर लोखंडी कूलरच्या पाठीमागे. पत्रा आणि पाणी हे वायफायचे जुने वैरी. कूलर म्हणजे दोन्ही एकत्र!

राउटर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी हवा. वायर पाच मीटर जास्त लागली तर तेवढे पैसे द्या. राउटर 'ड्युअल बँड' आहे का, हे आधीच विचारा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीपलीकडे जातो पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त पण तो भिंतीला बुजतो. आतल्या खोलीत मोबाइल २.४वर, हॉलमध्ये लॅपटॉप आणि टीव्ही ५वर, हा साधा फंडा. आणि घरून काम करणाऱ्याने सरळ लॅनची केबल ओढून घ्यावी. दोन-तीनशे रुपयांत निम्मी भांडणं मिटतात.

अकरा महिन्यांचा करार, बारा महिन्यांचा प्लॅन

आता खरा झोल! वर्षभराचे पैसे एकदम भरले की इन्स्टॉलेशन फ्री, वर एखादा महिना बोनस, अशी ऑफर येते. मोह होतोच. पण तुमचा भाडेकरार किती महिन्यांचा आहे? अकरा! त्यातून बँकेत असाल तर बदलीची ऑर्डर कधी येईल याचा नेम नाही. आगाऊ भरलेले पैसे मधेच परत मिळतीलच असं नाही. कनेक्शन नव्या पत्त्यावर हलवता येतं, पण नव्या पत्त्यावर त्या कंपनीची वायर असेल तरच. परभणीतून पालमला बदली झाली तर?

शेअर्ड फ्लॅटमध्ये महिन्याचा, फार तर तीन महिन्यांचा प्लॅन बरा. पहिला महिना हा ट्रायलच समजा. राउटरचं डिपॉझिट भरलं असेल तर पावती जपून ठेवा आणि कनेक्शन बंद करताना डबा परत केल्याचीही लेखी पोच घ्या. भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकांना फोन करून विचारा. 'काका, एकच छोटं भोक...' हे वाक्य डिपॉझिट कापल्यानंतर म्हणून उपयोग नसतो.

आणि आता पीओचा प्रश्न

कनेक्शन कुणा एकाच्याच आधारवर, एकाच्याच नावावर निघतं. वापरतात चौघं, त्यांचे मित्र आणि पासवर्ड उघडा असेल तर खालच्या टपरीवरचा कुणीही. इंटरनेटवर जे काही होतं त्याचा माग आयपी अॅड्रेसवरून लागतो आणि तो माग थांबतो कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात.

घाबरवायचं म्हणून सांगत नाही, हे घडलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. तपास नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहत होता एक अमेरिकन माणूस. त्याचं वायफाय कुणीतरी भलत्यानेच वापरलं होतं. पण एटीएसच्या चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्याला. पुढे २००९मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. त्याआधी २००७मध्ये बंगळुरूच्या एका आयटी इंजिनिअरला पुणे पोलिसांनी ऑर्कुटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अटक केली. इंटरनेट कंपनीने आयपी अॅड्रेसची दिलेली माहितीच चुकीची निघाली, पण तोवर त्याचे सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले होते.

म्हणून ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याला दोन हक्क द्या. पासवर्ड ठरवायचा हक्क आणि तो बदलायचा हक्क. राउटरच्या तळाशी छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळं ठेवा. एखादा पार्टनर फ्लॅट सोडून गेला की त्याच संध्याकाळी पासवर्ड बदला. यात मैत्रीचा अपमान नाही. आणि ज्याच्या नावावर कनेक्शन, तोच आधी निघाला तर? मग 'चालू दे रे, पैसे पाठवतो' असं म्हणू नका. त्याने कनेक्शन बंद करायचं किंवा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करायचं. तो नाशिकला आणि त्याच्या नावाचं नेट परभणीत, हा धोका मित्रासाठीही घेऊ नये.

पैशांचंही असंच स्वच्छ ठेवा. फिरतीवरच्या एमआरनेही समान वाटा द्यावा, कारण वायर वापरानुसार नाही, घरानुसार येते. मात्र कुणाला चाळीसऐवजी शंभरच हवे असतील, तर वरचे ३५४ रुपये त्याने एकट्याने भरावेत. वाद संपला!

बिघडलं, तर कुणाकडे?

आधी कस्टमर केअर. बोलणं गोड असलं तरी फोन ठेवण्याआधी तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. नंबर नाही म्हणजे तक्रारच झाली नाही. तिथे निकाल लागला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. आणि शेवटचं अस्त्र म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. 'टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फेब्रुवारी २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की चालतात.

सही करण्याआधी, फटाफट सात प्रश्न

१. आमच्या जिन्यापर्यंत नक्की कुणाची वायर आली आहे?
२. तुटली तर कोण येतो, आणि त्याचा नंबर काय?
३. अपलोड किती आणि डेटाची हद्द किती?
४. राउटर ड्युअल बँड आहे का, आणि तो मधल्या खोलीत लावून देणार का?
५. जीएसटीसकट पहिलं बिल किती, त्यात डिपॉझिट किती?
६. मधेच बंद केलं तर काय परत मिळेल?
७. नाव कुणाचं, आणि तो गेला तर पुढचं नाव कुणाचं?

पहिल्या सहांची उत्तरं कंपनी देईल. सातवं चौघांनी चहा घेत घेत, कनेक्शनच्या आधी ठरवायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहूनही ठेवा.